रामशेजच्या लाकडी तोफा

नाशिकच्या उत्तरेचा रामशेज तुम्ही पाहिला असेल. १६८२ मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी झाडांची खोडं पोखरून, चामडं वापरून तोफा केल्या, असं खाफीखान सांगतो. तोफ लाकडाची चालेल हो, पण दारूचं काय? कोळसा रानात मिळतो, सोरा मातीतून निघतो. गंधक मात्र बाहेरूनच आणायचं. वेढ्यात ते आलं कुठून, की आधीच भरून ठेवलं होतं? शोधायचं असेल तर हे शोधा.

उलट बहादूरखानाकडे सगळं होतं, तरी तो मांत्रिकाला फसला. बाबानं सोन्याचा नाग करून घेतला, तो धरून फौजेपुढं चालला. गोफणीचा दगड छातीत बसला आणि नाग एकीकडे, बाबा दुसरीकडे! ही गोष्टही खाफीखानाचीच, बऱ्याच वर्षांनी लिहिलेली. तोफा खऱ्या धरायच्या, तर नागाचं काय करायचं?