विसरलेल्या ठेवी, लाभांश आणि भविष्य निर्वाह निधी : शोध कसा घ्यावा, दावा कोठे करावा

मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत ७८,२१३ कोटी रुपये जमा होते. देशभरातील बँकांमध्ये दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ज्या खात्यांकडे कोणी फिरकले नाही, त्यांची ही रक्कम आहे. कंपन्यांचे न उचललेले लाभांश, टपाल खात्यातील मुदत संपलेली प्रमाणपत्रे, विम्याचे पैसे आणि भविष्य निर्वाह निधीची पडून राहिलेली खाती यात धरलेली नाहीत. या पैशाला ‘बेवारस’ म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी त्याचे धनी किंवा त्यांचे वारस बहुतेक वेळा हयात असतात आणि त्यांचा हक्कही शाबूत असतो. मात्र प्रत्येक प्रकारच्या पैशाची वाट निराळी असल्याने अर्ज चुकीच्या दारात जातो आणि महिनोन्‌महिने वाया जातात.

बँकेतील ठेवी

बचत किंवा चालू खात्यात दोन वर्षे ग्राहकाने स्वतः कोणताही व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. ही अवस्था दहा वर्षे टिकली, किंवा मुदत ठेव मुदत संपल्यानंतर दहा वर्षे तशीच राहिली, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरते. ही व्यवस्था २०१४ पासून लागू आहे. रक्कम निधीत गेली म्हणून रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात खेटे घालण्याचे कारण नाही. खातेदारांची नावनिशी रिझर्व्ह बँकेकडे नसते, ती मूळ बँकेकडेच राहते. दावाही त्याच बँकेत करावयाचा असतो. बँक दावेदाराला पैसे देते आणि नंतर निधीतून तेवढी रक्कम मागून घेते. दावा करण्यास कालमर्यादा नाही.

शोधासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. भ्रमणध्वनी क्रमांकाने नोंदणी केल्यावर खातेदाराचे नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना किंवा जन्मतारीख यांपैकी काही दिले की अनेक बँकांमध्ये एकाच वेळी शोध घेता येतो. मार्च २०२४ पर्यंत ३० बँका त्यात आल्या होत्या आणि दावा न झालेल्या ठेवींपैकी मूल्याने सुमारे ९० टक्के ठेवी त्यांच्याकडे होत्या. उरलेल्या बँकांत, विशेषतः लहान नागरी सहकारी बँकांत खाते असण्याची शक्यता असेल, तर त्या त्या बँकेच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी किंवा शाखेत लेखी अर्ज द्यावा. पतसंस्था मात्र या व्यवस्थेत येतच नाहीत. त्यांच्यावर नियंत्रण सहकार खात्याचे असते, रिझर्व्ह बँकेचे नव्हे.

शोध घेताना नावाबाबत थोडी चिकाटी लागते. ‘चौधरी’ हे आडनाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते. जुन्या खात्यांवर कोठे पूर्ण नाव, कोठे नुसती आद्याक्षरे, तर कोठे वडिलांचे नाव आडनावानंतर आलेले आढळते. आईचे किंवा आजीचे खाते माहेरच्या नावाने असू शकते. पॅनची सक्ती नसलेल्या काळातील खात्यांबाबत जन्मतारीख किंवा पत्ता हाच धागा उरतो, आणि तो पत्ताही गिरगावातील चाळीचा असावा की मुलुंडच्या सदनिकेचा, हे कुटुंबातील वडीलधाऱ्यांनाच सांगता येते.

पासबुकावरील बँक आज त्या नावाने अस्तित्वात नसेल, तरी ठेव बुडाली असे समजू नये. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत, तर सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. बँक ऑफ कराडचा व्यवसाय १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाकडे गेला. देना बँकेचे खातेदार एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदाचे ग्राहक आहेत. दावा आजच्या बँकेकडे करावा व अर्जात जुन्या शाखेचे नाव अवश्य लिहावे.

उशिराची किंमत मात्र मोजावी लागते. निधीत गेलेल्या व्याजदेय ठेवींवर ११ मे २०२१ पासून वर्षाला ३ टक्के सरळव्याज मिळते. त्याआधीच्या काळासाठी दर ३.५ व ४ टक्के होते. मुदत संपूनही न उचललेल्या ठेवीवरही आता बचत खात्याचा किंवा ठेवीचा करारातील दर, यांपैकी जो कमी असेल तोच लागू होतो.

शेअर आणि लाभांश

एखाद्या कंपनीचा लाभांश सात वर्षे उचलला गेला नाही, तर तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतो. एवढेच असते तर नुकसान बेताचे राहिले असते. पण सलग सात वर्षे लाभांश उचलला न गेल्यास ते शेअरही निधी प्राधिकरणाच्या नावे वर्ग होतात. सात वर्षांत एकदाही लाभांश घेतला असेल, तर ही साखळी तुटते. १९५६ च्या कंपनी कायद्याखाली या निधीत गेलेल्या रकमेवर दावाच करता येत नव्हता. २०१३ च्या कायद्याने तो हक्क दिला आणि सप्टेंबर २०१६ पासून प्राधिकरणाचे नियम लागू झाल्यावर परताव्याची सोय प्रत्यक्षात आली.

प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव किंवा फोलिओ क्रमांकाने शोध घेता येतो. येथेही कंपनीच्या इतिहासाचा मागोवा घ्यावा लागतो. ‘टेल्को’चे प्रमाणपत्र आज टाटा मोटर्सच्या कुळातले आणि ‘टिस्को’चे टाटा स्टीलचे. समजा, आजोबांकडे २००४ पूर्वीचे लार्सन अँड टुब्रोचे शेअर होते. त्या वर्षी कंपनीचा सिमेंट व्यवसाय वेगळा झाला आणि भागधारकांना नव्या कंपनीचे, म्हणजे आजच्या अल्ट्राटेकचे, शेअर मिळाले. तेव्हा शोध दोन कंपन्यांत घ्यायला हवा. कपाटातल्या प्रमाणपत्रावरील आकडा हा अखेरचा आकडा नसतो, हे बोनस आणि शेअर विभाजनाच्या बाबतीतही खरे आहे.

दाव्याची सुरुवात कंपनीच्या रजिस्ट्रारकडे करावी. त्याच्याकडे नाव, पत्ता, स्वाक्षरी व वारसाहक्काची कागदपत्रे तपासून घेतली की कंपनी हक्काचे पत्र देते. त्यानंतर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘आयईपीएफ-५’ हा अर्ज भरावा. अर्जाची पोच, हमीपत्र आणि मूळ प्रमाणपत्रे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी लागतात. कंपनीने पडताळणी अहवाल दिल्यावर प्राधिकरण निर्णय घेते. शेअर डिमॅट खात्यातच मिळतात, त्यामुळे दावेदाराचे स्वतःचे डिमॅट खाते आधी उघडलेले बरे. या अर्जाला सरकारी शुल्क नाही. ‘वसुली सल्लागार’ मात्र मिळणाऱ्या रकमेचा काही हिस्सा मागतात. कागदपत्रे गुंतागुंतीची असतील तर वकील वा सनदी लेखापालाची ठरावीक फी देणे एक वेळ समजू शकते, पण निव्वळ शोध लावून दिल्याबद्दल टक्केवारी देण्याचे कारण दिसत नाही. दूरध्वनीवरून ‘तुमच्या नावे शेअर सापडले आहेत, आधी शुल्क भरा’ असे सांगणाऱ्याशी तर व्यवहारच करू नये.

टपाल आणि विमा

टपाल खात्यातील बचत योजना, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांतील सात वर्षे दावा न झालेल्या रकमा, तसेच विम्याच्या दहा वर्षांहून जुन्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. हा निधी २०१५ च्या वित्त अधिनियमाने निर्माण झाला. दावा मूळ संस्थेकडेच, म्हणजे टपाल कार्यालयात किंवा विमा कंपनीकडे करावयाचा असतो. येथे मात्र घड्याळ चालू असते. निधीत जमा झाल्यापासून २५ वर्षांत दावा न झाल्यास रक्कम केंद्र सरकारची होते. विम्याचा शोध कंपन्यांच्या संकेतस्थळांवर घेता येतो. पॉलिसी क्रमांक हाताशी नसला तरी नाव आणि जन्मतारीख यांवरून माहिती मिळू शकते.

भविष्य निर्वाह निधी

मुंबई-ठाणे पट्ट्यात गिरण्या आणि कारखाने बंद पडले, तेव्हा अनेक कामगारांनी अखेरचा पगार घेतला आणि निधीची खाती मागेच राहिली. २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक आला, पण त्याआधी नोकरी सोडलेल्यांचा जुना क्रमांक वेगळाच असतो. त्याच्या आरंभीच्या अक्षरांवरून कोणत्या प्रादेशिक कार्यालयाचे खाते आहे ते कळते. मालक हयात नसला, कारखान्याच्या जागी मॉल उभा असला, तरी कार्यालयाकडील नोंद टिकून असते. क्रमांक नसेल तर जुनी पगारपत्रके, कर्मचारी विम्याचे कार्ड, सहकाऱ्यांकडील पावत्या उपयोगी पडतात. त्याच कारखान्यातील दुसऱ्या कामगाराचा क्रमांक मिळाला तरी आस्थापनेचा सांकेतांक हाती येतो. काही मोठ्या कंपन्यांचे निधी त्यांच्या स्वतःच्या विश्वस्त संस्थेकडे असतात, तेव्हा चौकशी तेथे करावी.

निष्क्रिय खात्याच्या बाबतीत निवृत्तिवेतनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सभासद नोकरीत असताना मृत्यू पावला आणि निवृत्तिवेतन योजनेत एक महिन्याची जरी वर्गणी जमा असली, तरी पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याचा हक्क असतो. निधीची रक्कम घेऊन समाधान मानलेल्या अनेक विधवांना हे कोणी सांगितलेले नसते. निधीसाठी अर्ज क्रमांक २०, निवृत्तिवेतनासाठी १०-डी आणि कर्मचारी ठेवसंलग्न विम्यासाठी ५-आयएफ, असे तीन हक्क एकाच मृत्यूतून उद्भवतात. ते एकत्रच मागावेत.

वारस असल्याचा पुरावा

पैसा सापडल्यावर खरी कसोटी येथे लागते. नामनिर्देशन असेल तर मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्रावर काम भागते. पण नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. रक्कम स्वीकारून वारसांपर्यंत पोहोचविणे, एवढीच तिची भूमिका असते. शेअरच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईतील प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला. भावंडांत वाद असेल तर ही बाब आधीच ध्यानात घ्यावी.

नामनिर्देशन नसेल तेव्हा रकमेवर बरेच अवलंबून असते. टपाल बचतीत ५ लाख रुपयांपर्यंतचा दावा मृत्यूनंतर सहा महिन्यांनी प्रतिज्ञापत्र व हमीपत्रावर निकाली निघू शकतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सुधारित निर्देश काढले. वाणिज्य बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंत सोपी कार्यपद्धती ठेवण्यास आणि पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढण्यास त्यात सांगितले आहे. अंमलबजावणीसाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत होती. शाखेत जुन्या नियमांचा दाखला दिला गेल्यास या निर्देशांकडे लेखी लक्ष वेधावे.

रक्कम याहून मोठी असेल किंवा वाद असेल, तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील दाखला हा ठेवी, शेअर, येणे रकमा यांसाठी असतो. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयाकडून मिळणारा वारस दाखला हा १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा, त्याचे स्वरूप निराळे. सातबाऱ्यावरील वारसनोंद या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. कोणता दाखला चालेल, हे बँकेकडून वा कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय न्यायालयात अर्ज करू नये. कारण अर्जात प्रत्येक मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो, आणि मागाहून सापडलेल्या शेअरसाठी दाखल्याची व्याप्ती वाढवून घेण्याचा नवा खटाटोप करावा लागतो. म्हणून सर्व ठिकाणचा शोध आधी पुरा करावा.

या शोधाला एक साधन फार उपयोगी पडते आणि त्याची आठवण क्वचितच होते. मृत व्यक्तीचे प्राप्तिकर खात्यातील २६-एएस विवरण आणि वार्षिक माहिती विवरण पाहिल्यास कोणत्या बँकेने व्याजावर आणि कोणत्या कंपनीने लाभांशावर करकपात केली, हे दिसते. त्यासाठी वारसाने प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी. एखादा करपरतावा न वटता परत गेला असेल, तर तो पुन्हा देण्याची विनंतीही तेथूनच करता येते.