मुक्त स्रोत पोर्टल आणि पोर्टलेट : एका मानकाचा इतिहास

मोठ्या संस्थेच्या कारभारात संगणकाचा प्रवेश एकाच दिवशी होत नाही. विद्यापीठाचेच उदाहरण घेतले तर परीक्षा विभाग, ग्रंथालय, वेतन विभाग, वसतिगृहे यांनी आपापल्या सोयीने आणि आपापल्या काळी निरनिराळ्या आज्ञावल्या स्वीकारलेल्या असतात. प्रत्येक आज्ञावलीचे पान वेगळे, परवलीचा शब्द वेगळा आणि कामाची रीतही वेगळी. विसाव्या शतकाच्या अखेरीस या सर्व आज्ञावल्या ब्राउझरमधून वापरता येऊ लागल्या, तेव्हा त्या एकाच द्वारातून, एकाच ओळखीवर आणि शक्य तर एकाच पानावर का मिळू नयेत, हा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित झाला. या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे पोर्टल, आणि त्या पोर्टलचा घटक म्हणजे पोर्टलेट. या दोहोंचा इतिहास वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु संस्थेच्या द्वाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ तांत्रिक नाही. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या इतिहासाचा विचार करावयाचा आहे.

पोर्टल या शब्दाचा मूळ अर्थ भव्य प्रवेशद्वार. १९९६ मध्ये ‘माय याहू’ या सेवेने प्रत्येक वाचकाला बातम्या, हवामान, समभागांचे भाव इत्यादी चौकटी आपल्या आवडीप्रमाणे मांडून घेण्याची सोय दिली. हीच कल्पना संस्थांच्या अंतर्गत कारभारास लावली गेली. १९९८ च्या नोव्हेंबरात मेरिल लिंच या अमेरिकन वित्तसंस्थेच्या एका अहवालाने ‘एंटरप्राइज इन्फर्मेशन पोर्टल’ ही संज्ञा रूढ केली, आणि थोड्याच काळात या क्षेत्रात व्यापारी कंपन्यांची दाटी झाली. पानावरील चौकटीला प्लमट्री कंपनी ‘गॅजेट’ म्हणे, सॅप ‘आयव्ह्यू’ म्हणे, तर मायक्रोसॉफ्ट ‘वेब पार्ट’. वस्तू एकच, नावे मात्र अनेक. आणि भेद केवळ नावांचा नव्हता. एका कंपनीच्या पोर्टलसाठी लिहिलेली चौकट दुसरीच्या पोर्टलमध्ये चालत नसे. ज्या संस्थेने अशा पन्नास चौकटी तयार करवून घेतल्या, ती त्या कंपनीशी बांधली गेली असे समजावे.

याच सुमारास मुक्त स्रोताची चळवळ आकारास येत होती. आज्ञावलीचा मूळ पाठ कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता यावा, हे तिचे सूत्र. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा १९९८ मध्ये पुढे आली, तर अपाची प्रतिष्ठानाची स्थापना १९९९ मध्ये झाली. अपाचीच्या छत्राखाली वाढलेला ‘जेटस्पीड’ हा जावा भाषेतील पोर्टलांच्या आद्य प्रकल्पांपैकी एक होय. पोर्टलेट हा शब्द मानक तयार होण्यापूर्वीच त्यात वापरात होता. अमेरिकेतील विद्यापीठांनी ‘जा-सिग’ या मंडळाच्या द्वारे २००० च्या सुमारास ‘यूपोर्टल’ हाती घेतले. त्यास अँड्र्यू मेलन प्रतिष्ठानाचे आर्थिक साहाय्य लाभले. विद्यापीठांनी विद्यापीठांसाठी बांधलेले हे पोर्टल. त्यातील चौकटीला मात्र ‘चॅनेल’ हे तिसरेच नाव होते. त्याच वर्षी ब्रायन चॅन यांनी ‘लाइफरे’ची सुरुवात केली. पुढे २००४ मध्ये त्याभोवती कंपनी उभी राहिली.

अशा स्थितीत समान मानकाची गरज सर्वांनाच भासू लागली. जावा भाषेच्या विस्ताराविषयीचे निर्णय ‘जावा कम्युनिटी प्रोसेस’ या पद्धतीने होत. तेथे आयबीएम आणि सन या दोन कंपन्यांनी प्रथम दोन स्वतंत्र प्रस्ताव मांडले. ते मागे घेऊन त्यांचा एक संयुक्त प्रस्ताव करण्यात आला, तोच ‘जेएसआर १६८’. त्याचे अंतिम स्वरूप २००३ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. दूरच्या सर्व्हरवरील पोर्टलेट आपल्या पानावर आणण्याविषयीचे ‘डब्ल्यूएसआरपी’ हे मानकही ओअ‍ॅसिस या संस्थेने त्याच वर्षी संमत केले.

जेएसआर १६८ ची रचना समजण्यासाठी जुन्या वाड्याचे उदाहरण सोयीचे आहे. पोर्टल हा वाडा, आणि पोर्टलेट हे त्यातील बिऱ्हाड. बिऱ्हाडकरूने आपली खोली सजवावी, परंतु वाड्याच्या भिंती कोठे असाव्यात हे त्याने ठरवू नये. तद्वत् पोर्टलेटने संपूर्ण पान निर्माण करावयाचे नसते. त्याने पानाचा केवळ एक तुकडा द्यावयाचा असतो. स्वतःचा पत्ताही त्याला ठाऊक नसतो. दुवा हवा असल्यास तो ‘कंटेनर’कडून, म्हणजे पोर्टलेटला सांभाळणाऱ्या आज्ञावलीकडून, मागून घ्यावा लागतो. चौकटीच्या तीन अवस्था मानकाने निश्चित केल्या : नेहमीची, आक्रसलेली आणि पानभर पसरलेली. त्याचप्रमाणे पाहणे, संपादन आणि साहाय्य या तीन रीतीही ठरविल्या. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे कामाची दोन टप्प्यांत केलेली विभागणी. वाचकाने एका चौकटीतील अर्ज भरून धाडला की कृतीचा टप्पा फक्त त्याच पोर्टलेटचा चालतो. तो संपल्यावर पानावरील पोर्टलेटांना आपापला तुकडा नव्याने सादर करण्यास सांगितले जाते. त्यामुळे ग्रंथालयाच्या चौकटीत पुस्तक राखून ठेवताना वेतनाच्या चौकटीतील व्यवहार पुन्हा घडत नाही.

या मानकाचा आदर्श नमुना म्हणून अपाचीचा ‘प्लूटो’ हा कंटेनर मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध झाला. मानकाचा अर्थ शब्दांवरून लागेना, तर अभ्यासकाने प्लूटोचा मूळ पाठ उघडून पाहावा, अशी सोय त्यामुळे झाली. यूपोर्टलने प्लूटोच्याच आधारे आपल्या चॅनेलांशेजारी पोर्टलेटांना जागा दिली. मानक आणि मुक्त स्रोत यांचा असा संयोग इतक्या प्रारंभीच झाला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

तथापि या मानकात एक मोठी उणीव राहिली. बिऱ्हाडांनी एकमेकांशी बोलावे कसे, याविषयी ते जवळजवळ मूक होते. एका चौकटीत विद्यार्थ्याचे नाव निवडले असता शेजारच्या चौकटीत त्याचे गुण दिसावेत, ही अपेक्षा अगदी साधी आहे. परंतु भिन्न प्रकल्पांतील पोर्टलेटांमध्ये असा संवाद घडविण्याची निश्चित रीत जेएसआर १६८ मध्ये नव्हती. पोर्टलेटमधून चित्र किंवा दस्तऐवज थेट पाठविण्याचीही तरतूद नव्हती. ही पोकळी प्रत्येक पोर्टलकर्त्याने आपापल्या खास जोडण्यांनी भरली आणि त्या जोडण्यांबरोबर जुने परावलंबन मागल्या दाराने परत आले. घटना, सामायिक घटकमूल्ये आणि थेट साधनसेवा यांची व्यवस्था ‘जेएसआर २८६’ ने केली खरी, परंतु त्यासाठी २००८ चा जून उजाडला. दरम्यान २००५ मध्ये ‘अजॅक्स’ हे नाव मिळालेल्या तंत्राने पान पुन्हा न मागविता त्याचा एखादाच भाग बदलणे सर्वपरिचित केले होते. पाने सर्व्हरवर जुळविण्याऐवजी ब्राउझरमध्येच जुळविण्याकडे कल वाढत गेला. मानकाची तिसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली, तोवर नव्या प्रकल्पांचा ओघ दुसरीकडे वळलेला होता.

या काळात व्यापारी आणि मुक्त प्रकल्पांचे काय झाले, हे ताडून पाहणे उद्बोधक आहे. प्लमट्री कंपनी २००५ मध्ये बीईएने विकत घेतली, आणि २००८ मध्ये बीईए ओरॅकलच्या ताब्यात गेली. ग्राहकसंस्थांच्या द्वाराची किल्ली अशा रीतीने दोनदा हस्तांतरित झाली आणि ती कोणाकडे जावी हे ठरविणे त्या संस्थांच्या हाती नव्हते. याउलट जा-सिग हे मंडळ २०१२ मध्ये सकाई प्रतिष्ठानात विलीन होऊन ‘अपेरिओ’ प्रतिष्ठान निर्माण झाले, तरी यूपोर्टलचा मूळ पाठ विद्यापीठांच्या हाती राहिला. मात्र मुक्त स्रोत म्हणजे चिरंजीवित्व, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. २००९ मध्ये जेबॉस आणि एक्झो यांची पोर्टले एकत्र करून ‘गेटइन’ उभारण्यात आले. परंतु पुढे रेड हॅटने आपल्या पोर्टलचा विकास थांबविला, तेव्हा मूळ पाठ खुला असूनही तो पुढे नेणारे हात उरले नाहीत.

या विवेचनावरून असे दिसते की, खुले मानक आणि खुला मूळ पाठ ही दोन भिन्न स्वातंत्र्ये आहेत. मानकामुळे आपले पोर्टलेट उचलून दुसऱ्या वाड्यात नेता येते. मूळ पाठामुळे आहे तोच वाडा स्वतः दुरुस्त करता येतो. मानक जेथे मूक राहिले तेथे पहिले स्वातंत्र्य लटके पडले, आणि दुरुस्ती जाणणारी माणसे जेथे उरली नाहीत तेथे दुसरे. आज पोर्टलेटांची जागा अन्य घटकांनी घेतली असली, तरी संस्थेने नवी प्रणाली स्वीकारताना विचारावयाचे प्रश्न तेच आहेत : आपली कामे येथून उचलून अन्यत्र नेता येतील काय? आणि पुरवठादार उद्या निघून गेला, तर मूळ पाठ वाचू शकणारी माणसे आपल्याकडे असतील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर करारात शोधता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र विद्यापीठांच्या अभ्यासवर्गांतच तयार करावे लागते.