अनफोल्डमधला ‘अन’

‘अनहॅपी’ आणि ‘अनफोल्ड’मधला ‘अन’ एकच वाटतो, पण घराणी वेगळी. पहिला नकाराचा, म्हणजे आपल्या ‘अनादि’, ‘अनंत’मधल्या ‘अन्’चाच भाऊबंद. दुसरा केलेलं उलटवणारा. जर्मन ‘एण्ट’ आणि ग्रीक ‘अँटी’ हे त्याचे नातलग. घडी घातली ती उलगडा, गाठ मारली ती सोडा, हे त्याचं काम. जुन्या इंग्रजीतच दोघांची रूपं मिसळली, आणि कुणाची सोयरीक कुणाशी, ते कळेनासं झालं.

पण हा उलटवणारा ‘अन’ सगळीकडे चिकटत नाही. ‘सिट’चं उलट ‘स्टँड’. ‘श्रिंक’ला ‘एक्स्पांड’ शोधावा लागतो. आटलेला सदरा तसाही कुठे पूर्ववत होतो! कापडाची घडी सोडणारा ‘अनफोल्ड’ आता बातम्यांत घटनांना लागतो, जसं आपल्याकडे रहस्य उलगडतं. ‘अनफॉलो’, ‘अनफ्रेंड’ आणि ऑनलाइन बैठकीतला ‘जरा अनम्यूट करा’ हेही दुसऱ्याच घराण्यातले.