केंब्रिजचं मैलापाणी आणि अडलेली घरं

संशोधनाचा विषय शोधताना शहराचा जुना नकाशा उघडा, बरंच सापडतं. केंब्रिजचंच घ्या. 1894 साली चेडर्स लेनला पंपिंग स्टेशन उभं राहिलं. शहराचा कचरा जाळून वाफ करायची आणि त्या जोरावर मैलापाणी शहराबाहेर, मिल्टनच्या दिशेला ढकलायचं. (हे डोकं मला फार आवडतं!) पुढे शहरच सरकत तिथवर पोचलं.

आता अशा केंद्राभोवती तिथले नियोजनकार 400 मीटरचा पट्टा धरतात. त्यात घरं बांधायची तर वासाचा त्रास होणार नाही हे बिल्डरने आधी दाखवायचं. आणि वास मोजायचा माणसांच्याच नाकाने: निम्म्या परीक्षकांना जेमतेम जाणवेल ते एक एकक. मला हा नियम रास्त वाटतो. केंद्र आधीचं, घरं नंतरची. इंग्लंडच्या धोरणातही 2018 पासून नंतर येणाऱ्यानेच बंदोबस्त करायचा असं आहे.

मग केंद्रच हलवून तिथे हजारो घरं उभारायचं ठरलं. 2019 मध्ये सरकारने 22.7 कोटी पौंड देऊ केले. एप्रिल 2025 मध्ये परवानगी मिळाली. ऑगस्टमध्ये, खर्च वाढल्यावर, पैसेच काढून घेतले. केंद्र अजून तिथेच आहे.