ढोलकी, वानरं आणि तीन मित्र

आमच्या कारंज्यात वानराला कुणी सुंदर म्हणत नाही. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा (लाड) वेगळं. आमचं कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावर कोंढाळी आणि तळेगावच्या मधलं. सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या इथवर उतरतात. त्यांच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा आहेत. फळ धरलं की टेकडीवरची टोळीही खाली उतरते. मग हाकारे, फटाके, गोफणी. या सगळ्यात सौंदर्य बघायला सवड कुणाला?

तरीही मराठीतली एक देखणी कादंबरी वानरांवरच आहे. ती लिहिणारा माणूस त्याआधी ढोलकीच्या सिनेमासाठी लिहीत होता. व्यंकटेश माडगूळकर, जन्म १९२७, गाव माणदेशातलं माडगूळ.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी त्यांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचं. पडद्यावर जयश्री गडकर आणि हंसा वाडकर. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा सिनेमा शंभराहून जास्त आठवडे चालला. तमाशापटांची लाट मराठीत जोरात आली ती त्यानंतर. यूट्यूबवर त्यातली गाणी तुम्ही ऐकली असतील, निदान घरातल्या मोठ्यांनी गुणगुणलेली तरी. सिनेमाच्या नावाकडे मात्र पुन्हा एकदा बघा. त्यात दोन कामं आहेत, सांगणं आणि ऐकणं. माडगूळकरांचं पुढचं आयुष्य मला या दुसऱ्या कामाची गोष्ट वाटते.

त्याच काळातली एक मैत्री महाराष्ट्राने स्टेजवर पाहिली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे. तिघं जवळपास एकाच वयाचे, तिघंही गावाकडच्या गोष्टी लिहिणारे. म्हणजे बाजार एक आणि दुकानं तीन. एवढ्यावर मराठी साहित्यात आयुष्यभराची भांडणं झालेली आहेत. यांनी मात्र एकाच सतरंजीवर मांड ठोकली. पाटलांची कोल्हापुरी बोली, मिरासदारांचा गंभीर चेहऱ्याने केलेला विनोद, माडगूळकरांचा कोरडा, मोजक्या शब्दांतला माणदेश. एकाची गोष्ट चालू असताना उरलेल्या दोघांचं काम एकच, ऐकणं. तीच गोष्ट, तोच हशा, पुन्हा नवं गाव. मैत्री टिकते ती अशा ऐकण्यावर, असं मला वाटतं.

सिनेमाही तिघांनी लिहिला. शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’चे (१९७२) संवाद शंकर पाटलांचे. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मिरासदारांनी लिहिला आणि त्यात कामही केलं. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही तिघांना मिळालं: माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, पाटील १९८५ साली नांदेडला, मिरासदार १९९८ साली परळीला.

यातले माडगूळकर आधी शिकारी होते. पुढे बंदूक मागे पडली, हातात वही आली आणि चित्रं काढायची पेन्सिल. ते विदर्भात आले, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात राहिले. त्या मुक्कामावर त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. १९८२ साली ‘सत्तांतर’ आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘सत्तांतर’मध्ये माणूस नायक नाही. वानरांची एक टोळी आहे, तिचा प्रमुख हुप्प्या आहे आणि त्याची जागा बळकावू पाहणारे बाहेरचे नर आहेत. नवा नर टोळी जिंकतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारतो. हे लेखकाच्या मनातलं नाही. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकांनी धारवाडच्या जंगलात ते नोंदवलं होतं. १९७०च्या दशकात सारा हर्डी या अमेरिकन संशोधक माउंट अबूच्या डोंगरात वानरांमागे हिंडल्या. पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो, असा अर्थ त्यांनी लावला. त्यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला.

आता विचार करा. पटकथा लिहून हात बसलेल्या माणसाला इथे केवढा मोह झाला असता! आईच्या दुःखावर एक गाणं, खलनायकाच्या एंट्रीला ढोलकी. माडगूळकर यातलं काहीच करत नाहीत. कोण कुठल्या फांदीवर बसलं, कुणी कुणाकडे पाठ फिरवली, एवढंच सांगतात आणि बाजूला होतात. त्या पानांचं सौंदर्य गोडव्यातून येत नाही, लक्ष देण्यातून येतं.

हे लक्ष द्यायला आमच्याजवळ बोरचं जंगल आहे. १९७० साली ते अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. तेव्हा तो देशातला सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्प होता. तिथे झाडावर वानरं आणि खाली चितळं, अशी जोडी तुम्हाला हमखास दिसेल. वानरं अर्धवट खाल्लेली पानं-फळं खाली टाकतात, ती चितळं खातात. वानराची नजर वरून लांब पोचते, चितळाचं नाक जमिनीवरचा वास पकडतं. कुणीही धोक्याचा आवाज काढला की दोघं सावध होतात. त्याला मैत्री म्हणावं की सोय, हे तुम्हीच ठरवा. एक मात्र दिसतं, दोघांनाही एकमेकांचा आवाज कळतो.

माणसाचं तसं नाही. २०१७च्या जुलैत ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक वाघीण बोरमध्ये आणून सोडली. तिच्या हल्ल्यांत माणसं गेली होती. तिला मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. ऑक्टोबरात आमच्याच तालुक्यात, सिंदीविहिरीच्या शिवारात, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती मेली. गळ्यात रेडिओ कॉलर होती. ती कुठे आहे हे यंत्राला कळत होतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना तिच्यात सौंदर्य दिसावं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. रात्रभर जागून पीक राखणाऱ्यालाही मी ते म्हणणार नाही.

पण माडगूळकरांनी वानराला देव केलं नाही आणि चोरही केलं नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा हे दोनच पर्याय असतात: शनिवारी मारुती, रविवारी गोफण. ‘सत्तांतर’ तिसरी वाट दाखवते. आधी नीट बघ, ऐक, मग काय ते ठरव. कुंपण कसं घालायचं, नुकसानभरपाई कशी मागायची, वाघिणीला कुठे सोडायचं, हे प्रश्नही त्याच वाटेवर सुटले तर सुटतील.

माडगूळकर २००१ साली गेले. शंकर पाटील त्यांच्या आधी, १९९४ साली. मिरासदार २०२१पर्यंत होते. त्या सतरंजीवर तिघांतला शेवटचा सांगणारा तो. त्याचं ऐकायला बाजूचे दोघे नव्हते, समोरचा महाराष्ट्र मात्र होता.