तेरचा संतमेळा आणि एक कच्चे मडके

सज्जनहो, संतांचा मेळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? चंद्रभागेचे वाळवंट, टाळ-मृदंगाचा गजर, एकमेकांच्या पायांवर ठेवलेली डोकी. ते तर आहेच. पण आज ज्या मेळ्याचा इतिहास आपण पाहणार आहोत, त्यात एका थोर भक्ताचा सगळ्यांच्या देखत पाणउतारा झाला. आणि नवल बघा, सातशे वर्षे उलटली तरी वारकरी त्या मेळ्याची आठवण आनंदाने काढतात. का काढतात, एवढेच आज समजून घेऊ.

ठिकाण आहे तेर. आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. शेजारच्या ढोकीचे नाव जोडून आपण तेरढोकी म्हणतो. गाव लहान वाटते, पण साधे नाही हो! दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासग्रंथात या गावाचे नाव ‘तगर’ असे आले आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठे नगर आहे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात लिहिले आहे. इथल्या जमिनीतून जुन्या काळच्या भाजक्या मातीच्या मूर्ती निघाल्या. विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर आजही उभे आहे. अशा या मातीत, मातीचेच काम करणारे गोरोबाकाका राहत होते. हाताने मडकी घडवायची आणि मुखाने विठ्ठल म्हणायचा.

काळ कोणता? देवगिरीवर रामदेवराव यादवांचे राज्य होते. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. त्यानंतर ज्ञानोबाराय आणि नामदेवराय बरोबर तीर्थयात्रेला गेले. परंपरा सांगते, की त्या यात्रेच्या सुमारास हा मेळा तेरला गोरोबाकाकांच्या घरी भरला. कोणी कीर्तनकार ही कथा थोड्या वेगळ्या तऱ्हेने सांगतात; आपण तेरची परंपरा धरून चालू.

आता बसले होते कोण कोण, ते बघा. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेवराय. यातला निवृत्तिनाथांचा जन्म १२७३चा, ज्ञानदेवांचा १२७५चा, मुक्ताबाईंचा १२७९चा. म्हणजे हिशेब केला तर मुक्ताई पंधरा-सोळा वर्षांची पोर! नामदेवराय १२७०चे, म्हणजे या भावंडांपेक्षा मोठे. आणि गोरोबा सगळ्यांत वडील, म्हणून ते सगळ्यांचे काका.

बोलता बोलता मुक्ताईची नजर कोपऱ्यातल्या एका लाकडी वस्तूवर गेली. तिने विचारले, “काका, हे काय आहे हो?”

काका म्हणाले, “बाई, हे थापटणे. याने मडके थापटून घडवतो, आणि कच्चे कोणते, पक्के कोणते, तेही ओळखतो.”

मुक्ताई म्हणाली, “आम्हीही मातीचीच मडकी ना? मग आमच्यात कोण कच्चे आहे, तेवढे बघा.”

काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. निवृत्तिनाथ हलले नाहीत. ज्ञानदेव शांत. सोपानदेव शांत. मुक्ताई हसते आहे. नामदेवरायांची पाळी आली आणि ते रागावले. घरी बोलावून पाहुण्याला मारायचे, ही कुठली रीत? काकांनी थापटणे खाली ठेवले आणि निकाल दिला, “एवढे एक मडके कच्चे राहिले आहे.”

काय वाटले असेल हो नामदेवरायांना! ज्यांच्या हातचा नैवेद्य लहानपणी देवाने खाल्ला, असे आपण सांगतो, त्या नामदेवांना कच्चे म्हणायचे? आणि म्हणणारा कोण, तर मडकी करणारा कुंभार. विषय काढणारी कोण, तर सगळ्यांत धाकटी पोर. या बैठकीत ना वयाचा मान पाहिला, ना जातीचा, ना देवाच्या लाडकेपणाचा. तिथे एकच गोष्ट पाहिली: आवाज कसा येतो!

कुंभाराचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच कळेल. कच्च्या आणि पक्क्या मडक्याचा आकार तोच, माती तीच, घडवणारा हातही तोच. पण पक्क्यावर टिचकी मारा, खणखणीत आवाज येतो. कच्चे बद्द वाजते. त्यात पाणी भरा, पुन्हा चिखल होतो. मग कुंभार कच्चे मडके फोडतो का? नाही. तो त्याला भट्टीत लावतो. नामदेवांची भक्ती खोटी होती, असे काका म्हणाले नाहीत. माती उत्तम आहे, घडणही उत्तम आहे, आच तेवढी लागायची राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि एकदा भाजलेले मडके पुन्हा चाकावर चढत नाही. माउली, हे वाक्य घरी जाऊन विचारात घ्या.

नामदेवराय रडत पंढरीला आले आणि देवाला गाऱ्हाणे सांगू लागले. देवाने त्यांची समजूत काढली नाही, बाजूही घेतली नाही. “संत म्हणतात ते खरे आहे. औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा,” असे सांगितले. औंढा नागनाथ म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातले ज्योतिर्लिंग. नामदेव तिथे पोचले तर विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! “महाराज, पाय काढा,” म्हणाले. विसोबा म्हणाले, “म्हातारा झालो रे. जिथे देव नाही, तिथे तूच माझे पाय उचलून ठेव.” नामदेव जिकडे पाय ठेवतात तिकडे पिंडी उभी! पंढरीतल्या विटेवर मावणारा देव सगळीकडे भरलेला आहे, हे तिथे उमगले.

आणि हे विसोबा कोण? आळंदीत याच भावंडांचा ज्यांनी छळ केला, मुक्ताईला मांडे भाजायला कुंभाराकडून भांडे मिळू दिले नाही, तेच हे विसोबा, असे परंपरा सांगते. पुढे त्यांचेही डोळे उघडले. म्हणजे कच्चे मडके पक्के करायला देवाने ज्यांच्याकडे पाठवले, तेही एकेकाळी कच्चेच होते! आणि थापटणे ज्यांच्या हातात होते, त्या गोरोबाकाकांनी स्वतःचे लेकरू पायाखालच्या चिखलात गमावले होते. ती आच सोसलेला हात होता तो.

आता मडके पक्के झाले, हे कशावरून? पुढचे आयुष्य पाहा. १२९६ मध्ये ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर नामदेवराय ५४ वर्षे राहिले. एकट्या पंढरीत राहिले का? भागवत धर्माची पताका घेऊन पंजाबपर्यंत गेले. घुमान गावात आजही त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. जातीमुळे ज्यांना मंदिरात पाऊल टाकू दिले नव्हते, त्या चोखोबांच्या अस्थी नामदेवरायांनी स्वतः आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या हातांनी विसोबांचे पाय उचलले, त्याच हातांनी चोखोबांच्या अस्थी उचलल्या. देव कुठे नाही, याचे उत्तर नामदेवरायांनी असे दिले. शेवटी १३५० मध्ये मंदिराच्या पायरीशी स्वतःला ठेवले. थापटणे डोक्याला लागले म्हणून रागावलेले नामदेव, पुढे हजारो भाविकांचे पाय लागावेत म्हणून पायरी झाले!

भाविकहो, आपल्याही दिंड्या आहेत, फड आहेत, गावोगावी सप्ताह आहेत. एकत्र येतो, टाळी वाजवतो, एकमेकांना माउली म्हणतो, चांगलेच आहे. पण आपले कच्चेपण आपल्याला प्रेमाने सांगेल, असा एक तरी गोरोबा आपल्यात आहे का? आणि कोणी सांगितले, तर राग गिळून औंढ्याची वाट धरायची आपली तयारी आहे का? दुसऱ्याच्या डोक्यावर थापटणे घालायला तर सगळेच तयार असतात!

चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला गोरोबाकाकांचा पुण्यतिथी सोहळा असतो. कधी जाणे झाले, तर तेरणेकाठच्या त्या समाधीपुढे डोके टेकवा आणि तेवढेच म्हणा, “काका, जरा वाजवून बघा.”

रामकृष्णहरी!