शाळेचा हिशेब कुणापुढे?

जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. त्यात शाळेचा विषय निघतो तो पैशाच्या हिशेबातून. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग कुणबी राबतो म्हणून जमा होतो, आणि त्याच्या पोराच्या वाट्याला मात्र शाळा येत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, प्रशिक्षित शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, मुलांना मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेती व आरोग्याचेही थोडे शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गावच्या शाळेचा हिशेब गावाच्या बाजूने मागणारा इतका नेमका कागद त्याआधीचा क्वचितच सापडेल.

या मागणीला जमिनीवरचा आधार होता. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे शाळेचा खर्च गावकरी स्वतः भरत होता. पण त्या पैशाचे काय झाले, किती मुले शिकली, किती गळाली, हे त्याला कुणी सांगत नव्हते. शाळेचा अहवाल मास्तरांकडून डेप्युटी इन्स्पेक्टरकडे, तिथून इन्स्पेक्टरकडे आणि शेवटी पुण्यात शिक्षणखात्याच्या संचालकाकडे जाई. कागद वर चढत गेला. खाली कधी उतरला नाही.

त्याआधीची पंतोजींची शाळा या बाबतीत वेगळी होती. कुणाच्या ओसरीवर, देवळात किंवा वाड्याच्या पडवीत ती भरे. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवत, पावकी, निमकी, पाऊणकी घोकत. पंतोजींना मोबदला पालकांकडूनच मिळे, बऱ्याचदा धान्याच्या रूपात. मुलाला पाढे येतात की नाही, हे बाप संध्याकाळी घरीच म्हणवून घेई आणि समाधान झाले नाही तर पोराला काढून घेई. जबाबदारी दारातल्या दारात ठरत होती. मात्र त्या ओसरीवर बसायचा हक्क मूठभर घरांनाच होता. मुली नाहीत, अस्पृश्य मानलेल्या जाती नाहीत. सरकारी शाळा आल्यावरही ते दार आपोआप उघडले नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. तो मुलगा अर्ज घेऊन थेट सरकारकडे गेला, तरी सरकारने इतर पालक नाराज होतील म्हणून कच खाल्ली. शाळेने कुणाचे ऐकायचे, हा प्रश्न आला की ‘पालक’ म्हणजे नेमके कोण, हेही विचारावे लागते. ते धारवाडने दाखवून दिले.

पुण्यात त्याच दशकात एक वेगळी रीत रुजत होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे शाळा वाढल्या, तसे त्यांच्या मंडळाने मुलींच्या परीक्षा जाहीरपणे घ्यायला सुरुवात केली. चारचौघांत मुली वाचून दाखवत, गणिते सोडवत आणि ते पाहायला लोकांची गर्दी लोटे. मुलींना शिकवले की घर बुडते, असे म्हणणाऱ्या शहरात मुलींनी भर सभेत उभे राहून उत्तरे देणे हाच पुरावा होता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. तो लक्षात ठेवला जातो, पण त्या जाहीर परीक्षांचे मोल त्याहून जास्त आहे. शाळेने आपले काम समाजापुढे उघडे ठेवले आणि बोट ठेवायची मुभा ज्याला त्याला दिली. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात कौतुकाचे शब्द कमी आणि आपल्या समाजाच्या दुःखाची विचारणा जास्त होती. शाळेचे यश आणि समाजाची व्यथा एकाच मुलीच्या लेखणीतून बाहेर आली.

सक्तीच्या शिक्षणाची पावले आधी संस्थानांत पडली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानात नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एका रुपयाची किंमत शेतमजुराला चांगलीच ठाऊक होती. त्या दंडावर आज नाक मुरडणे सोपे आहे. पण फी माफ करून, जातीजातींसाठी वसतिगृहे उभी करून मग दंड लावणारा राजा आणि नुसता फतवा काढणारे सरकार यांत फरक करायला हवा. कोल्हापूरने आधी आपली बाजू पुरी केली, मग पालकाकडे बोट दाखवले.

ब्रिटिश मुलखात गाडी हळू चालली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक मंडळांच्या हाती दिल्या, पण सक्ती बहुतेक कागदावरच राहिली. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अंदाजपत्रकावर बोलताना सरकारपुढे एक आकडा ठेवला: पहिलीत येणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात. मूल शाळेत आले एवढ्याने भागत नाही, ते पुन्हा निरक्षर होणार नाही इतके शिकून बाहेर पडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अहवालांत शाळांची संख्या वाढत होती. बाबासाहेबांनी विचारले ते गळालेल्या ८२ मुलांचे. शाळेच्या हिशेबात हा स्तंभ त्याआधी फारसा कुणी मागितलाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हा हिशेब निदान जिल्ह्यापर्यंत तरी आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या. गावची मराठी शाळा आता ‘झेडपीची शाळा’ झाली. शिक्षण सभापती तालुक्यातला माणूस, सदस्य ओळखीचा, म्हणजे गाऱ्हाणे घेऊन जायला एक दार मिळाले. दुष्काळी भागातल्या वाड्यांपर्यंत शाळा पोचल्या त्या याच काळात. पण बदल्या, नेमणुका आणि बांधकामे यांतले राजकारणही त्याच दाराने आत शिरले. गावकऱ्याचा शाळेशी संबंध उरला तो प्रगतिपुस्तकावरच्या सहीपुरता आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या झेंडावंदनापुरता. अनेक घरांत ती सही अंगठ्याची होती. वर्गात काय चालते हे विचारायचे धाडस त्या अंगठ्याला कुणी दिले नव्हते.

वर गेलेले कागद किती खोटे असू शकतात, ते २०१० मध्ये नांदेडने उघड केले. जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी साऱ्या जिल्ह्यातल्या शाळांची एकाच वेळी अचानक पटपडताळणी केली. निवडणुकीत लावतात ती न पुसणारी शाई मुलांच्या बोटांना लावून मोजणी झाली, म्हणजे एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये. हजेरीपटावर असलेली लाखाहून अधिक मुले प्रत्यक्षात नव्हतीच. त्यांच्या नावावर तुकड्या, शिक्षक, अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ असे सारे काही निघत होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला हीच मोहीम राज्यभर झाली आणि गैरहजर आढळलेल्यांचा आकडा २० लाखांच्या आसपास गेला. तपासणी होत होतीच, सव्वाशे वर्षे होत होती. पण ‘या गावात एवढी पोरे आहेत का हो?’ हा प्रश्न गावाला विचारला असता, तर उत्तर मिळायला एक दुपार पुरली असती.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा. चोविसावे कलम तर शिक्षकाचे कर्तव्यच ठरवते: पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मूल किती दिवस येते, त्याला काय जमते, ते कुठवर पोचले, हे सांगायचे. अमुक पालकाला अक्षर येत नाही म्हणून त्याला सांगू नये, अशी सवलत कायद्यात नाही. बऱ्याच ठिकाणी ही समिती सह्यांच्या वहीत राहिली, हे खरे. बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली, तर मजुरीला गेलेली आई येणार कशी?

जिथे समिती मनापासून चालली, तिथे काय घडले याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाच्या वाटेने शाळा बदलल्या. फरशीवर रंगवलेले अंक, जमिनीवर गटागटाने बसणारी मुले, हातात खडे आणि काड्या. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे पाहायला येऊ लागल्या. २०१५ मध्ये सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा अशा शाळा त्याच्यापुढे होत्या. त्यानंतरची काही वर्षे गावोगावच्या लोकवर्गणीची होती. कुणी रंग दिला, कुणी संगणक, कुणी नुसते श्रमदान केले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून त्यांनी धडा पालकाच्या मोबाइलवर, म्हणजे घरात नेला होता. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

पालकांचे ऐकून घेण्याचे सर्वांत बोलके उदाहरण बीडचे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पोरेही बरोबर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत पट अर्धा होतो. आधी कारखान्यांवर साखरशाळा काढून पाहिल्या. पण पालकांचे म्हणणे नीट ऐकल्यावर अडचण स्वच्छ दिसत होती: मूल गावात ठेवायला घर आहे, आजी-आजोबा आहेत, नाही ते दोन वेळचे जेवण. त्यातून हंगामी वसतिगृहांची योजना आली. पुष्कळ ठिकाणी ती शाळा व्यवस्थापन समितीच चालवते. मुले आजीकडे राहतात, शाळेत जेवतात आणि शिकतात. निधी उशिरा येतो, काही ठिकाणी आकडे फुगवले जातात, या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरी पालकांची अडचण ऐकून त्यावर घातलेली ही सोय आहे, आणि जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे मूल फडावर जात नाही.

सध्या गावागावांत ज्या गोष्टीने धास्ती आहे ती पटसंख्येची. २० किंवा त्याहून कमी मुले असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांच्या वर आहेत. २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय आला, २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, प्रस्ताव आला. पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचे दाखले दिले गेले. एका वर्गात तीन मुले असली तर खेळायला गडी मिळत नाही, एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, हा शिक्षणखात्याचा मुद्दा खोटा नाही. पण यांतल्या कितीतरी शाळा २००० नंतर वस्तीशाळा म्हणून मुद्दाम काढल्या गेल्या होत्या, कारण पाड्यावरच्या लहान मुलांना ओढा ओलांडून, डोंगर उतरून एक किलोमीटर चालवत नव्हते. त्यांचा पट लहान असणारच होता. ओढा आजही तिथेच आहे. बस येईल असे सांगतात, पण पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की बस थांबते आणि घरी बसतात त्या आधी मुली.

खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळाही पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून ती पुन्हा उभी केली आणि २०२५ मध्ये तिचे नाव जागतिक पातळीवरच्या शाळांच्या पुरस्कारांत झळकले. अशी प्रत्येक शाळा वाचेल असे नाही. पण बंद करण्याचा कागद तालुक्याहून निघण्याआधी तिचा पट, तिथले शिकणे, बदली शाळेचे अंतर आणि रस्त्याची अवस्था हे सारे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे, आणि तेही मजुरीहून माणसे परतल्यावर, संध्याकाळच्या सभेत. आयांचे म्हणणे इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत लिहिले गेले पाहिजे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. समिती आहे, आराखड्याचे कलम आहे, ग्रामसभाही आहे.